मयताचं मु. पो. काय?

अमेरिकेत जिवंत माणसाला पगार विचारणं असभ्यपणाचं समजतात. मेल्यावर मात्र त्याची सगळी कुंडली कोर्टाच्या खिडकीवर मागता येते. घर कुणाला ठेवलं, धाकट्याला का वगळलं, क्रेडिट कार्डाचं देणं किती, अंत्यविधीचं बिल कुणी भरलं, सगळं एका फायलीत. मागणाऱ्याला नातं विचारत नाहीत आणि कारणही विचारत नाहीत. मयताच्या इस्टेटीचं बघणाऱ्या कोर्टातली, म्हणजे प्रोबेट कोर्टातली, फाइल ही, थोडे अपवाद सोडले तर, सार्वजनिक नोंद. जन्मभर ज्याने पडदे ओढून ठेवले, त्याच्या कपाटातल्या ऐवजाची यादी आता शेजारीही वाचू शकतो.

एवढं वाचून ज्यांचे कान टवकारले, त्या समस्त चुलत-मावस-आते मंडळींनी जरा दम धरावा. फाइल उघडी आहे हे खरं. ती कुठे आहे, हे सांगायला कुणी बांधील नाही. आणि ज्यांच्या फायली वाचायला खरी मजा आली असती, त्यांनी त्या तयारच होऊ दिलेल्या नाहीत. पण ते पुढे.

आधी मुक्काम पोस्ट.

मयतांचं एकच मोठं दफ्तर असा प्रकार अमेरिकेत नाही. वॉशिंग्टनला विचारलंत तर वॉशिंग्टन हात वर करतं. राज्यागणिक कायदा वेगळा आणि राज्याच्या पोटात काउंट्या. देशभरात तीन हजारांवर. एकट्या टेक्सासात २५४, जॉर्जियात १५९. प्रत्येकीचा क्लार्क वेगळा, अर्ज वेगळा, फी वेगळी, जेवणाची सुट्टी वेगळी. आपल्याकडे सात-बारासाठी निदान तलाठी कोण हे गावात माहीत असतं. इथे गाव कुठलं यावरच पहिली घोडदौड.

समजा, सदाशिव पेठेतल्या काकूंचे थोरले दीर. उभा संसार न्यू जर्सीत, एडिसनला. नाताळात लेकीकडे टेक्सासला गेले आणि तिथेच वारले. काकूंचा मुलगा टेक्सासातल्या कोर्टाला ईमेल धाडत बसतो आणि उत्तर येतं, असं कुणी आमच्याकडे नाही. अगदी बरोबर उत्तर आहे. मृत्यूचा दाखला टेक्सासचा, पण फाइल न्यू ब्रन्सविकला, मिडलसेक्स काउंटीच्या सरोगेटच्या, म्हणजे तिथल्या प्रोबेट अधिकाऱ्याच्या, दफ्तरात. माणूस गेला कुठे याच्याशी कोर्टाला फारसं कर्तव्य नसतं. त्याचं कायमचं घर कुठे होतं, तिथे फाइल उघडते. आणि दिरांनी पेनसिल्व्हेनियात एखादं घर भाड्याने लावायला घेऊन ठेवलं असेल, तर त्या घरापुरती त्या काउंटीत दुसरी, पूरक फाइल. स्थावर वाढलं की वारसांचे हेलपाटेही वाढतात.

हा नियम राष्ट्राध्यक्षालाही चुकला नाही. लिंकन १८६५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये गोळी लागून गेले, राहायला व्हाइट हाऊसमध्ये होते. फाइल मात्र इलिनॉयमधल्या सँगॅमन काउंटीत, कारण त्यांचं घर स्प्रिंगफील्डला. स्वतः नावाजलेले वकील, पण मृत्युपत्र केलेलं नव्हतं. शेवटी सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस यांनी मित्राच्या इस्टेटीची निरवानिरव केली. सगळ्यांच्याच वारसांना असा मित्र लाभत नाही.

मुक्काम पोस्ट सोयीने बदललं की काय होतं, ते मेरिलिन मन्रोच्या वारसदारांना विचारा. बाई १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या घरी वारली. पण कारभाऱ्यांनी सांगितलं, छे, ती तर न्यूयॉर्कची रहिवासी. कॅलिफोर्नियाचा कर वाचला आणि मृत्युपत्र मॅनहॅटनच्या कोर्टात दाखल झालं. पुढे मृत कलावंताच्या छबीवर वारसांना हक्क देणारा कायदा कॅलिफोर्नियाने केला, तेव्हा मंडळींना अचानक बाई कॅलिफोर्नियाची होती असं आठवलं. २०१२ मध्ये अपील कोर्टाने सुनावलं: तेव्हा न्यूयॉर्क म्हणालात ना, मग आताही न्यूयॉर्कच. कर वाचला तो वाचला, छबी गेली ती गेली.

बरं, काउंटी सापडली. आता कोर्ट शोधा. पाटीवर 'प्रोबेट कोर्ट' असं लिहिलेलं असेल अशी आशा असेल तर सोडा. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत सरोगेट. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमध्ये कागद 'रजिस्टर ऑफ विल्स'कडे आणि तंटा 'ऑर्फन्स कोर्टा'त. कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्टाचा एक विभाग. टेक्सासात नोंदी काउंटी क्लार्ककडे. लुइझियानात काउंटीच नाही. तिथे पॅरिश आणि प्रकरणाचं नाव 'सक्सेशन'. जॉर्जियात खरोखरचं प्रोबेट कोर्ट आहे, पण तेच लग्नाचा परवाना देतं आणि पिस्तूल बाळगण्याचाही. लग्न, पिस्तूल, मृत्युपत्र. क्रमाबद्दल आम्ही काही बोलत नाही.

काउंटी हेसुद्धा दिसतं तितकं सरळ प्रकरण नव्हे. बाल्टिमोर शहर बाल्टिमोर काउंटीत नाही. सेंट लुइस शहर सेंट लुइस काउंटीत नाही. कनेक्टिकटने काउंटी सरकारं १९६० मध्येच मोडीत काढली, तिथे प्रोबेटचे जिल्हे वेगळे. चिमुकल्या ऱ्होड आयलंडमध्ये प्रत्येक गावाचं स्वतःचं प्रोबेट कोर्ट. त्यात इतिहासाची भर. ब्राँक्स काउंटी १९१४ मध्ये जन्माला आली. त्याच्या लगेच आधी ब्राँक्समध्ये राहून गेलेल्याची फाइल मॅनहॅटनला. नॅसॉ काउंटी १८९९ मध्ये क्वीन्सपासून वेगळी झाली. आजोबांचं घर जागचं हललं नाही, काउंटी मात्र त्यांच्या अंगणातून निघून गेली.

आता खिडकी. खिडकीवर बहुतेक ठिकाणी एक पाटी असते: आम्ही कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही. ही पाटी म्हणजे अमेरिकन क्लार्कचं कवच.

"साहेब, यातला कुठला अर्ज भरू?"

"तो सल्ला होईल."

"बरं, मग मी वारस आहे का?"

"तोही."

"निदान फाइल उघडली आहे का?"

"नाव आणि मृत्यूची तारीख सांगा, बघतो."

बघा, उघडलं दार. क्लार्क मत देत नाही, नोंद देतो. त्यामुळे त्याला नोंदीचंच विचारायचं. सूचीत नाव आहे का? केस नंबर काय? फायलीत कुठकुठले कागद, कुठल्या तारखेचे? मला हवा त्याची पानं किती, पैसे किती? या क्रमाने विचारणाऱ्यावर क्लार्क खूश असतो. "काकांचं सगळं पाठवा" म्हणणाऱ्याला तो पानांचा हिशेब पाठवतो, आणि तो वाचून काकांबद्दलची माया ओसरते.

कारण फी. कॅलिफोर्नियात साधी प्रत पानाला पन्नास सेंट, स्वस्तच म्हणायची. पण नोंद शोधायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागली तर शोधाचे १५ डॉलर वेगळे. सरकारी कचेरीत वेळ मोजतात आणि त्याचं बिल ग्राहकाला लावतात, ही कल्पना आपल्याकडे पोचू नये अशी प्रार्थना. न्यूयॉर्कच्या सरोगेट कोर्टात पंचवीस वर्षांच्या आतली नोंद शोधायला ३० डॉलर, त्याआधीची असेल तर ९०. म्हातारपण तिथेही महागच. केस नंबर हाती असला की हा शोधाचा भुर्दंड बहुधा टळतो, म्हणून आधी संकेतस्थळावर सूची चाळावी. मेरीलँडसारख्या राज्यात सगळ्या राज्याची सूची एकत्र आणि फुकट आहे. बाकी ठिकाणी नशीब काउंटीगणिक.

सूचीत नाव शोधायचं म्हणजे मराठी माणसाची खरी परीक्षा. पासपोर्टवर दत्तात्रय, ऑफिसात डॅन, मंडळात अण्णा. मधलं नाव वडिलांचं, ते कुठे पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे आडनावाला चिकटलेलं. काकूंचं नाव घराच्या कागदावर सासरचं, बँकेत माहेरचं. कोर्टाचा संगणक 'अण्णा म्हणजेच दत्तात्रय' हे जाणत नाही. मृत्युपत्रात 'या नावानेही ओळखले जाणारे' अशी ओळ असेल तरच जाणतो. आडनावाची सगळी स्पेलिंगं घालून बघावी. आणि तारीख देताना महिना आधी, दिवस नंतर. नाहीतर चार मार्चला गेलेले काका कोर्टाच्या लेखी तीन एप्रिलपर्यंत ठणठणीत.

सूचीत नाव नसलं, तरी लगेच चुलत भावावर संशय घेऊ नका. फ्लोरिडात मृत्यू कळल्यापासून दहा दिवसांत मूळ मृत्युपत्र क्लार्ककडे जमा करावं लागतं, कॅलिफोर्नियात तीस दिवसांत. पण जमा केलं म्हणजे केस उघडली असं नाही. कागद कोर्टात झोपून राहतो. टेक्सासात मृत्युपत्र सिद्ध करायला साधारण चार वर्षांची मुदत. चुलत भावावर संशय त्यानंतर घ्यावा.

फाइल मिळाली तर काय वाचायचं? सगळे मृत्युपत्रावर झडप घालतात. जाणकार आधी अर्ज वाचतात. अर्जात वारसांची यादी असते, नात्यासकट, पत्त्यांसकट. मृत्युपत्र सांगतं, मयताला कोण आवडत होतं; अर्ज सांगतो, मुळात कोण कोण होतं. पहिल्या बायकोची मुलं बहुतेक इथेच उगवतात. मग कारभाऱ्याला कोर्टाने दिलेलं अधिकारपत्र. ते असल्याशिवाय बँक दाद देत नाही. मग मालमत्तेची यादी, घेणेकऱ्यांचे दावे, हिशेब, शेवटचा हुकूम. यादीवर फार जीव टांगू नये. फ्लोरिडात ती गोपनीयच असते. टेक्सासात देणी फिटली असतील तर बऱ्याचदा यादीऐवजी 'वारसांना यादी दिली आहे' एवढं प्रतिज्ञापत्र लावून भागतं.

प्रतही तीन जातींची. साधी, वाचायला. सही-शिक्क्याची प्रमाणित, बँकेला द्यायला. आणि न्यायाधीशांच्याही दाखल्याची, दुसऱ्या राज्यात चालवायला. हाच कागद पुण्यात दाखवायचा असेल तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा दाखला, हवा; तो बहुतेक राज्यांत सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात असल्याने दूतावासाची वारी वाचते. मात्र कोथरूडचा फ्लॅट मिडलसेक्सच्या हुकुमाने नावावर होत नाही. जमीन ज्या देशात, वारसाचा कायदा त्या देशाचा. म्हणजे अमेरिकेतलं सगळं पार पाडून काकूंचा मुलगा परत जिथून निघाला त्या तहसीलच्या जिन्यावर.

आता त्या मजेच्या फायलींकडे. मायकल जॅक्सनचं २००२ चं मृत्युपत्र लॉस एंजेलिसच्या कोर्टात आहे. पाच पानं. कोणाला किती, हे वाचायला जाल तर एकच उत्तर: सगळं माझ्या ट्रस्टला. ट्रस्टचा दस्त कोर्टात दाखल करावा लागत नाही. झालं, पडदा. ज्याला चांगला वकील परवडतो तो हयातीतच मालमत्ता ट्रस्टमध्ये टाकतो आणि त्याच्या फायलीत तुम्हाला उंबरठा दिसतो, घर दिसत नाही. निवृत्तीचं खातं, विमा, नवरा-बायकोच्या सामाईक नावावरचं घर, हेही थेट नामनिर्देशिताकडे किंवा हयात जोडीदाराकडे जातं, फायलीला वळसा घालून. म्हणजे सार्वजनिक नोंदीत उरतं कोण? ज्यांना वकील परवडला नाही ते, आणि ज्यांना परवडत होता पण आळस आडवा आला ते. पारदर्शकतेचा भार लोकशाहीत नेहमी याच दोन गटांवर पडतो.

आळशांची यादी मोठी सुरेल आहे. गायक प्रिन्स २०१६ मध्ये मृत्युपत्राविना गेला. मिनेसोटातल्या कार्व्हर काउंटीत स्वतःला वारस म्हणवणाऱ्यांची रांग लागली आणि १५ कोटी ६० लाख डॉलरच्या आसपासची इस्टेट वाटायला २०२२ उजाडलं. गायिका अरीथा फ्रँकलिन २०१८ मध्ये गेली. मृत्युपत्र नाही म्हणता म्हणता घरात हाताने लिहिलेली निघाली, त्यातलं २०१४ चं सोफ्याच्या गादीखाली, वहीत. मुलांमध्ये तंटा झाला. २०२३ मध्ये ओकलंड काउंटीच्या ज्युरीने तासाभराच्या आत निकाल दिला: वहीच खरी. पाच वर्षं जे वकिलांना सुटलं नाही ते ज्युरीने चहा थंड व्हायच्या आत सोडवलं. आणि अमेरिकेचे माजी सरन्यायाधीश वॉरन बर्गर? १९९५ मध्ये गेले, स्वतः टाइप केलेलं मृत्युपत्र ठेवून. १७६ शब्द. त्यात कारभाऱ्यांना घर विकायचा अधिकार द्यायचा राहून गेला. हे सदर त्याच्या कैक पट लांब आहे, पण आम्ही घर विकायला काढलेलं नाही.

लिओना हेम्स्ली या हॉटेल-सम्राज्ञीने 'ट्रबल' नावाच्या कुत्रीसाठी एक कोटी वीस लाख डॉलर ठेवले आणि दोन नातवंडांना वगळलं. मॅनहॅटनच्या कोर्टाने २००८ मध्ये कुत्रीचा वाटा वीस लाखांवर आणला. कुत्रीने अपील केल्याची नोंद नाही.

मग या उघड्या फायली रोज वाचतं कोण? इतिहासकार, पत्रकार, दूरचे भाचे, हे अधूनमधून. नियमाने वाचतात ते घरांचे दलाल. प्रोबेटची नवी प्रकरणं गोळा करून विकण्याचा तिथे रीतसर धंदा आहे. नवऱ्याच्या फायलीची शाई वाळायच्या आत बाईला पत्र येतं: आपल्या दुःखात सहभागी आहोत, घर रोखीने घेऊ. दुसरे वारस-शोधे. बेवारस वाटणारी फाइल हुडकायची, दूरचा नातेवाईक गाठायचा आणि 'तुम्हाला काही तरी मिळणार आहे, काय ते सही केल्यावर सांगू' म्हणून टक्केवारी ठरवायची. जी माहिती पुतण्याला थोडक्या डॉलरांत मिळाली असती, ती त्याला इस्टेटीच्या मोठ्या घासाला पडते. नोंद सार्वजनिक ठेवली की ती आपोआप लोकांपर्यंत पोचते, असं समजणाऱ्या सगळ्या सुधारकांना एकदा या दलालांच्या टेबलावर बसवायला हवं.

थट्टा इथे थोडा वेळ बाजूला ठेवायला हवी. या फायलींची सर्वांत जास्त गरज ज्यांना आहे, त्यांच्या पूर्वजांची स्वतःची फाइल कधी नव्हतीच. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतला मळेवाला मेला की काउंटीत त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची. बैल, नांगर, पलंग, आणि त्याच यादीत माणसं, नावासमोर किंमत. १८७० पूर्वीच्या शिरगणतीत गुलामांची नावं सहसा लिहिलीच जात नसत. त्यामुळे आज एखाद्या कृष्णवर्णीय बाईला आपल्या पणजीच्या आईचं नाव हवं असेल, तर ते तिला मालकाच्या फायलीत शोधावं लागतं, कोणाच्या वाट्याला गेली त्या रकान्यात. जॉर्ज वॉशिंग्टनचं हस्तलिखित मृत्युपत्र व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सच्या कोर्टात आजही आहे. आपल्या मालकीच्या गुलामांना पत्नीच्या पश्चात मुक्त करा, असं त्यात लिहिलेलं आहे. राष्ट्रपिताही मेल्यावरच मोकळा हात करतो, हे फायलीमुळेच कळतं.

आणि अशा फायली जळाल्याही. शिकागोच्या १८७१ च्या आगीत कुक काउंटीची, सिनसिनाटीच्या १८८४ च्या दंगलीत हॅमिल्टन काउंटीची कोर्ट-इमारत दफ्तरासकट. जे वाचलं ते बरंचसं मायक्रोफिल्मवर गेलं, आणि युटाच्या मॉर्मन चर्चचं फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ ते फुकट दाखवतं. गंमत अशी, की १८५० मध्ये गेलेल्या शेतकऱ्याचं मृत्युपत्र तुम्ही डोंबिवलीतून रात्री मोबाइलवर वाचू शकता आणि गेल्या वर्षी गेलेल्या काकांच्या मृत्युपत्रासाठी पाकीट, पोस्टाची तिकिटं आणि मनीऑर्डर पाठवावी लागते. वैयक्तिक चेक बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. मयताचे नातेवाईक कसे असतात हे कोर्टाने पाहिलेलं असतं.

तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना मुलाच्या शाळेची मानांकनं पाठ असतात, ग्रीन कार्डाची तारीख पाठ असते, कुठल्या दुकानात कोथिंबीर ताजी हेही पाठ असतं. आपण कुठल्या काउंटीत राहतो, हे विचारलं तर बायकोकडे बघतात. तेव्हा एक कागद करा. कायदेशीर नाव पासपोर्टवर आहे तसं, काउंटीचं नाव, आणि मूळ मृत्युपत्र कुठल्या कपाटात. एक प्रत तिकडे, एक इकडे. कुणाला किती ठेवलं आहे ते त्यात लिहिलं नाहीत तरी चालेल. ते शोधून काढायचा उत्साह वारसांमध्ये उपजत असतो.